मोर्तब शेवटी का? राजवाडे आणि मेलची सही

मेलिंग लिस्टवरचे मेल स्पॅममध्ये का जातात, हे मी आज इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या आयुष्यातून सांगणार आहे.

राजवाडे १८६३ साली कोकणात वरसईला जन्मले. शिक्षण पुण्यात झालं. बायको लवकर वारली, पुन्हा लग्न केलं नाही. मग गावोगाव हिंडायचं, लोकांच्या घरातली जुनी दप्तरं सोडायची, हातानं रांधून खायचं, असं आयुष्य गेलं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये आला. पुढे ते २२ झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू करण्यात ते पुढे होते. अखेरच्या काळात धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथंच वारले.

बखरीपेक्षा मूळ पत्रावर त्यांचा भरवसा. का? बखर मागाहून लिहिलेली. पत्राला मात्र वर शिक्का आणि मजकूर संपला की मोर्तब. त्याखाली कुणी ओळ घुसडली, तर ती लगेच उघडी पडायची. आपला 'शिक्कामोर्तब' हा शब्द त्यातलाच.

मेलमध्ये हेच काम डीकेआयएम करतं. सर्व्हर गुप्त किल्लीनं मजकुरावर आणि ठरावीक हेडरवर सही करतो. ताडून बघायची किल्ली डोमेनच्या डीएनएसमध्ये सगळ्यांना खुली असते.

आता समजा, जळगावच्या एका वाचनालयाची लिस्ट आहे. सभासदाचा मेल सही घेऊनच येतो. लिस्टचं सॉफ्टवेअर विषयाआधी लिस्टचं नाव जोडतं, खाली तळटीप चिकटवतं. म्हणजे मोर्तबाखाली ओळ! सही जुळत नाही, आणि सभेची सूचना कुणाला दिसतच नाही.

मग सेटिंगमध्ये काय बघायचं?

१. सही सगळे बदल झाल्यावर, अगदी शेवटी, लिस्टच्या डोमेनच्या किल्लीनं व्हायला हवी.

२. सभासदाच्या डोमेनचं डीमार्क धोरण कडक असेल, तर फक्त लिस्टची सही पुरत नाही. 'फ्रॉम'मध्ये लिस्टचा पत्ता टाका, किंवा विषयातली भर आणि तळटीप दोन्ही बंद करा.

३. स्वतःला एक मेल पाठवा. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये तो उघडून तीन ठिपके, मग 'शो ओरिजिनल' दाबा. डीकेआयएमपुढे 'पास' दिसलं की काम झालं.

राजवाड्यांनी जमवलेले कागद बघायचे असतील, तर धुळ्यातल्या राजवाडे संशोधन मंडळात एकदा नक्की जा.