मिरगीचं ऑपरेशन करता करता आठवणींची जागा शोधणारा डॉक्टर

कुणाला फिट आली की बाभुळगाव असो नाहीतर बोरिवली, आधी कांदा किंवा चप्पल शोधली जाते. त्याचा उपयोग शून्य. बहुतेक फिट काही मिनिटांत आपोआप थांबतात. पण मिरगी असलेल्या काही मुलांची खरी पंचाईत होते शाळेत. काल पाठ झालेला पाढा आज आठवत नाही आणि पोरगं ‘ढ’ ठरतं.

दोष पोराचा नसतो. हे कळण्यात मोठा वाटा आहे डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांचा.

पेनफिल्ड यांचा जन्म १८९१ चा, अमेरिकेतला. त्यांची बहीण रूथ हिला अनेक वर्षं फिट यायच्या. १९२८ मध्ये तिच्या मेंदूत गाठ सापडली. ऑपरेशन भावानेच केलं, पण सगळी गाठ निघाली नाही. काही वर्षांत रूथ गेली. १९३४ मध्ये पेनफिल्ड यांनी कॅनडात मॉन्ट्रियल न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूट सुरू केली.

मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत. म्हणून ते पेशंटला जागं ठेवून ऑपरेशन करायचे. हलका करंट देऊन फिट कुठून सुरू होते ते शोधायचे आणि तेवढा भाग काढायचे.

पण एका इंजिनिअरच्या डाव्या कानशिलामागचा भाग काढल्यावर आक्रित घडलं. बुद्धी शाबूत, पण नवीन काही लक्षातच राहीना. पेनफिल्ड आणि ब्रेंडा मिल्नर यांनी ही गोष्ट झाकली नाही, १९५५ मध्ये डॉक्टरांसमोर मांडली. त्यांचा अंदाज होता की उजवीकडचा हिप्पोकॅम्पस आधीच खराब असणार. पेशंटच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला आणि अंदाज खरा निघाला.

म्हणूनच आज असं ऑपरेशन करण्याआधी स्मरणशक्ती तपासतात.

पेनफिल्ड १९७६ मध्ये गेले. त्यांच्या संस्थेत शिकलेल्या डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला न्यूरोसर्जरी सुरू केली होती.

मुलांच्या बाबतीत अर्थ सरळ आहे. फिट याच भागातून येत असतील तर नवीन गोष्ट साठवणं अवघड जातं. मोडलेली झोप आणि काही औषधं यांनीही विसरायला होतं. पण औषध मनाने बंद करायचं नाही. डॉक्टरांना सांगायचं, शाळेतही सांगायचं. अशा पोराला छड्या नकोत, उजळणीला जास्त वेळ हवा.