डफ, चिपळ्या आणि बारामतीची वाट

सोलापूरहून पुण्याकडे निघालेला प्रवासी आज इंदापूर तालुक्यात शिरला की उसाच्या शेतांमधून बारामतीकडे जाणारे रस्ते फुटताना दिसतात. मराठी काव्याच्या इतिहासातही सोलापूरहून बारामतीला येणारी एक वाट आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचा एक शाहीर कऱ्हाकाठच्या या गावी आला आणि तेथील वयोवृद्ध पंडित कवीला भेटला, अशी आख्यायिका आहे. शाहिराचे नाव राम जोशी, तर कवीचे नाव मोरोपंत. या भेटीनंतर शाहिराच्या हातातील डफाची जागा चिपळ्यांनी घेतली, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

यमकांवर जगणाऱ्या कलावंताने वय वाढल्यावर काय करावे, हा प्रश्न आज साऱ्या जगात विचारला जात आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी झालेल्या एका पार्टीपासून हिप-हॉपचा जन्म मानला जातो. गरीब वस्तीतील तरुणांची ही कला २०२३ मध्ये पन्नास वर्षांची झाली. मधल्या काळात तिने पेहराव, नृत्य, जाहिराती आणि चित्रपट यांवर आपला ठसा उमटवला. मुंबईतील चाळी-झोपडपट्ट्यांतून उमटलेले रॅप २०१९ च्या ‘गली बॉय’ चित्रपटामुळे देशभर पोहोचले आणि आता मराठीतही रॅप रचणाऱ्यांची पिढी उभी आहे. मात्र, तारुण्याची रग हेच ज्या कलेचे भांडवल, तिचे पहिले मानकरी आता साठी ओलांडून गेले आहेत. महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. राम जोशी यांच्या आयुष्यात तो दोनशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता.

राम जोशी यांचा जन्म अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूरच्या एका ब्राह्मण कुटुंबात झाला. घरात वैदिकीची परंपरा होती. थोरले बंधू मुद्गल हे विद्वान पुराणिक होते. धाकट्याने तोच मार्ग धरावा, अशी घरची अपेक्षा असणार. पण रामचे मन रमले ते तमाशाच्या फडात. सोलापुरातील धोंडी शाहिराच्या फडाचा त्यांना नाद लागला आणि त्या फडासाठी ते लावण्या रचू लागले. पुराणिकाच्या घरातील मुलाने डफ-तुणतुण्याच्या साथीला जावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. बंधूंनी त्यांना घराबाहेर काढले. राम जोशी पंढरपूरला गेले. तेथे त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला आणि व्युत्पन्न होऊन परतले. ही विद्या घेऊन ते पुन्हा गेले ते मात्र फडातच.

त्यांच्या लावणीचे वेगळेपण येथून सुरू होते. तमाशातील शाहीर आपापल्या अनुभवाच्या आणि कानाच्या बळावर रचना करीत. राम जोशींनी त्या ठसक्याला संस्कृत काव्यशास्त्राची जोड दिली. एका ओळीत चार-चार ठिकाणी जुळणारी यमके, एकाच वर्णाची सलग आवर्तने, ढोलकीच्या ठेक्यावर घोड्याच्या टापांसारखे पडणारे शब्द, ही त्यांची खूण. मराठीबरोबर संस्कृत, कन्नड आणि हिंदुस्थानी या भाषांनाही त्यांनी लावणीत खेळवले. सोलापूरसारख्या अनेक भाषांच्या गावात वाढलेल्या कानालाच हे साधावे. आजचे रॅपर कडव्यात भाषा बदलतात, यमकावर यमक चढवतात आणि प्रतिस्पर्ध्याला शब्दांनी नामोहरम करतात. शाहिरी परंपरेतील सवाल-जवाब आणि कलगी-तुऱ्याच्या झगड्यांशी त्याचे साम्य सहज लक्षात येते.

राम जोशींच्या शृंगारिक लावण्यांनी रसिकांना वेड लावले. त्यांनी स्वतःचा फड उभा केला. कीर्तीबरोबर पैसा आला आणि तो आला तसा गेलाही, असे परंपरा सांगते. फडाच्या जीवनाचा हिशेब कोणत्याही काळात असाच राहिला आहे. रात्र रात्र उभे राहून खड्या आवाजात गायचे, दुसऱ्या गावी मुक्काम हलवायचा आणि तेथे पुन्हा नव्याने मैफल जिंकायची. प्रेक्षक येतो तो तारुण्याचे गाणे ऐकायला. ते गाणाऱ्याचे केस पिकू लागले, की त्याच शब्दांकडे तो वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

बारामतीत तेव्हा एक अगदी निराळ्या वळणाचा शब्दप्रभू राहत होता. मोरेश्वर रामचंद्र पराडकर, म्हणजेच मोरोपंत, यांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळगडावर झाला. तरुण वयात ते बारामतीला आले. पेशव्यांचे नातलग आणि मातबर सावकार बाबूजी नाईक यांच्या आश्रयाने तेथे पुराणिक म्हणून स्थिरावले. नाईकांचा वाडा आजही कऱ्हाकाठी उभा आहे. या गावी बसून मोरोपंतांनी हजारो आर्या रचल्या. संपूर्ण महाभारत आर्याछंदात आणले आणि रामकथा तर नाना तऱ्हांनी सांगितली. त्यांच्या नावावर १०८ रामायणे सांगितली जातात. ओठांचा स्पर्श ज्यांना लागतो अशी प, ब, म यांसारखी अक्षरे पूर्णपणे टाळून रचलेले रामायण त्यांत आहे. शब्दांशी असा खेळ मांडणारा हा कवी वृद्धापकाळात मात्र ‘केकावली’कडे वळला. मोराने मेघासाठी टाहो फोडावा, तशी ही देवापुढची आळवणी आहे. पांडित्य तेच आहे, पण ते आता शरणागत झाले आहे. वय वाढले तसा मोरोपंतांनीही आपल्या कलेचा रोख बदलला होता.

या दोघांच्या भेटीच्या कथा अनेक आहेत. त्यांचा गाभा एकच आहे. मोरोपंतांनी शाहिराची रचना ऐकली, तिच्यातील प्रतिभा ओळखली आणि ही वाणी कीर्तनाकडे वळावी, असे सुचवले. शाहिरानेही पंतांच्या आर्या मुखोद्गत केल्या आणि फड सोडून तो कीर्तनकार झाला. एका क्षणात झालेला हा कायापालट ऐकायला गोड वाटतो. काळाचा हिशेब मात्र वेगळे सुचवतो. मोरोपंत १७९४ च्या चैत्री पौर्णिमेला बारामतीत निवर्तले. दुसरे बाजीराव पेशवेपदी आले ते १७९६ मध्ये आणि त्यांच्या दरबारी राम जोशींच्या लावणीचा गौरव झाल्याचे सांगितले जाते. भेट झाली असेल तर ती त्यापूर्वीची. याचा अर्थ शाहिराने डफ एका दिवसात फेकून दिला नसावा. लावणी आणि कीर्तन ही दोन्ही अंगे काही काळ एकाच गळ्यात नांदली असावीत. वय एका रात्रीत वाढत नाही. कलाही तशीच हळूहळू कूस बदलते.

राम जोशींना कीर्तनात जागा मिळाली, याचे कारण त्या कलेच्या रचनेतही आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते. आर्या, श्लोक, साकी, दिंडी असे छंद त्यात येतात. त्यातच कटाव नावाचा प्रकार आहे. औरंगाबादच्या अमृतरायांनी गाजवलेला हा प्रकार म्हणजे अनुप्रासांनी भरलेली, एका दमात म्हणायची, वेगवान शब्दांची सर. ज्याची जीभ फडात तयार झाली, त्याला येथे परके वाटण्याचे कारण नव्हते. शिवाय तमाशात जे वय अडचणीचे ठरते, तेच कीर्तनात अधिकार ठरते. आयुष्य भोगलेला माणूस वैराग्याविषयी बोलू लागला, की श्रोता कान देतो. राम जोशींच्या उपदेशपर रचनांत बाह्य सोंगाची, भस्म-जटांच्या देखाव्याची निर्भय हजेरी घेतलेली आढळते. तीत यमकांची तीच खणखण आहे, शब्दांची तीच फेक आहे. बदलला तो विषय आणि बदलले ते व्यासपीठ.

या देवघेवीत फायदा दोघांचाही झाला. मोरोपंतांची कविता विद्वानांची. तिची संस्कृतप्रचुर आर्या सामान्य श्रोत्याला सहज उमगणारी नव्हती. फडात हजारोंना खिळवून ठेवण्याची हातोटी असलेल्या राम जोशींनी ती कीर्तनातून गावोगावी नेली. पंतांची आर्या महाराष्ट्रात लोकप्रिय करण्यात त्यांचा वाटा मोठा मानला जातो. पंडिताला श्रोते मिळाले आणि शाहिराला उत्तरायुष्य मिळाले. घरातून हाकलला गेलेला पुराणिकाचा धाकटा भाऊ अखेर कथेच्या व्यासपीठावर आला, पण तो स्वतःच्या अटींवर.

राम जोशी यांचे निधन १८१२ च्या सुमारास झाले. पेशवाई त्यानंतर सहा वर्षांत बुडाली. शाहिरांना आश्रय देणारे दरबार संपले, पण त्यांच्या रचना लोकांच्या तोंडी राहिल्या. पुढे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासारख्या संग्राहकांनी शाहिरांचे काव्य गोळा करून छापले. १९४७ मध्ये राजकमल कलामंदिरचा ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट आला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिका, ग. दि. माडगूळकर यांची लेखणी आणि वसंत देसाई यांचे संगीत यांमुळे तो तुफान चालला. तमाशाकडे नाक मुरडणारा मध्यमवर्गही या चित्रपटामुळे लावणी गुणगुणू लागला. मराठी चित्रपटांत त्यानंतर लावणीची जी लाट आली, तिच्या मुळाशी हे यश आहे.

आजच्या रॅपरपुढचे पर्यायही फार वेगळे नाहीत. अमेरिकेतील जे-झीने २०१७ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी आपल्या संसारातील चुका आणि मुलांसाठी मागे ठेवायचा वारसा यांवर अल्बम काढला. त्याने विषय बदलला. आंद्रे ३००० या रॅपरने २०२३ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी चक्क बासरीवादनाचा अल्बम काढला. त्याने शब्दच बाजूला ठेवले. राम जोशींनी शब्द सोडले नाहीत. तरुणपणी कमावलेली कसबी जीभ त्यांनी वयाला शोभेल अशा जागी नेली आणि तेथे आपल्याहून वडीलधाऱ्या कवीचे शब्दही तिच्यावर खेळवले.

बारामतीची ओळख आज साखर, शिक्षण आणि राजकारण यांच्याशी जोडली गेली आहे. याच मुलखातील यात्रांत आजही एका रात्री तमाशाचा तंबू लागतो आणि सप्ताहात कीर्तनाचा मांडव पडतो. दोहोंकडे श्रोता बहुधा तोच असतो. मुंबईच्या गल्लीत आज यमके जुळवणारा विशीतला मुलगाही उद्या चाळिशीत येईल. आवाज बसेल, दम कमी पडेल आणि समोरचे श्रोते त्याच्याहून लहान असतील. तेव्हा थांबायचे की वळायचे, हे त्याचे त्याला ठरवावे लागेल. वळण्याचे एक उदाहरण मात्र त्याच्याच भाषेत, कऱ्हेच्या काठी आधीपासून आहे.