विश्लेषण : ८० गिगाबिटच्या केबलमागचे गणित मांडणारे ऑलिव्हर हेविसाइड कोण होते?

दोन टाइप-सी केबल शेजारी ठेवल्या तर दिसायला सारख्याच. त्यातली फोनसोबत मिळणारी केबल बहुतेक वेळा सेकंदाला ४८० मेगाबिट माहिती नेते. दुसरी ‘यूएसबी ४’च्या दुसऱ्या आवृत्तीची किंवा ‘थंडरबोल्ट ५’ची असेल, तर वेग ८० गिगाबिट, म्हणजे दीडशे पटींहून जास्त. मात्र हा वेग हवा असेल तर आत चिप नसलेली साधी केबल जेमतेम मीटरभर लांब ठेवावी लागते. असे का, हे समजण्यासाठी लागणारे गणित सुमारे १४० वर्षांपूर्वीच मांडले गेले. ते मांडणाऱ्या ऑलिव्हर हेविसाइड यांच्याकडे ना पदवी होती, ना नोकरी.

तारखात्यातून गणिताकडे

हेविसाइड यांचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅम्डन टाउन भागात झाला. घरची गरिबी होती. वडील लाकडी ठशांचे कोरीव काम करीत. लहानपणी झालेल्या स्कार्लेट फीव्हरने त्यांना ऐकू कमी येऊ लागले. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. तारयंत्राचे जाणकार चार्ल्स व्हीट्स्टन हे नात्याने काका लागत. पुढे हेविसाइड एका डॅनिश तार कंपनीत लागले. इंग्लंड आणि डेन्मार्कला जोडणाऱ्या समुद्राखालच्या तारेवर काम करताना त्यांना एक कोडे पडले : एका दिशेने संदेश भराभर जातात, उलट दिशेने सावकाश. हे का होते, याचा हिशेब ते मांडत बसले.

१८७४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी नोकरी सोडली आणि पुन्हा कधीच केली नाही. आईवडिलांच्या घरी, दार लावून, त्यांनी मॅक्सवेल यांचा विद्युतचुंबकत्वावरचा ग्रंथ स्वतःच वाचून काढला. आज महाविद्यालयात मॅक्सवेलची म्हणून शिकवली जाणारी चार समीकरणे या सुटसुटीत रूपात मांडण्याचे मोठे श्रेय हेविसाइड यांचेच. मॅक्सवेल यांच्या मांडणीत ती वीस होती.

तारेत नेमके बिघडते काय?

संदेश हा अनेक कंप्रतांच्या लहरींचा गुच्छ असतो. लांब तारेत काही लहरी पुढे पळतात, काही मागे रेंगाळतात. काही जास्त क्षीण होतात, काही कमी. टोकाला पोहोचेपर्यंत ‘कट्’ आणि ‘कड’ एकमेकांत मिसळतात. वेग वाढवावा तितका हा गोंधळ वाढतो. प्रवाह तारेच्या आतून नव्हे तर उच्च कंप्रतेला तिच्या कातडीलगत वाहतो, हेही हेविसाइड यांनी १८८५ मध्ये दाखवले. ८० गिगाबिटच्या केबलला हाच फटका बसतो : वापरायला तांबे कमी उरते, संदेश लवकर मरतो. म्हणून लांबी कमी ठेवायची, किंवा मध्ये संदेश सावरणारी चिप बसवायची. जोडाच्या जागी तारेचा ‘इम्पिडन्स’ बदलला की लहर प्रतिध्वनीसारखी मागे फिरते. म्हणून मानकांमध्ये तो ठरवून दिलेला असतो. हा शब्दही हेविसाइड यांनीच घडवला. एका तारेभोवती दुसऱ्या तारेचे आवरण असलेल्या कोॲक्सियल केबलचे पेटंटही १८८० मध्ये त्यांनीच घेतले होते. आपल्या घरी येणाऱ्या टीव्हीच्या केबलची जात तीच.

सरकारी अधिकाऱ्याशी लढाई

१८८७ मध्ये हेविसाइड यांनी विकृती टाळण्याची अट शोधली. तारेत मुद्दाम इंडक्टन्स वाढवा, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो त्या काळी वेडेपणाचा वाटला. टपाल खात्यातले विद्युतप्रमुख विल्यम प्रीस यांचे मत नेमके उलट होते : इंडक्टन्स म्हणजे अडथळा. हेविसाइड आणि टपाल खात्यात नोकरी करणारे त्यांचे बंधू आर्थर यांचा निबंध प्रीस यांच्या आक्षेपामुळे छापला गेला नाही. त्याच वर्षी ‘द इलेक्ट्रिशियन’ या नियतकालिकातील लेखमालाही बंद पडली. गणित चुकले नव्हते. खुर्ची मात्र प्रीस यांची होती.

बारा-तेरा वर्षांनी अमेरिकेत मायकेल प्युपिन यांनी तारेवर ठरावीक अंतराने गुंडाळ्या बसवण्याचे पेटंट मिळवले. दूरध्वनी कंपनी ‘एटी अँड टी’ने ते विकत घेतले. प्युपिन यांना लाखो डॉलर मिळाले. हेविसाइड यांनी पेटंट घेतलेलेच नव्हते. गंमत अशी, की पुढे याच गुंडाळ्या ब्रॉडबँडला आड आल्या. त्या फक्त बोलण्याच्या कंप्रता सांभाळत आणि त्यावरच्या अडवत. म्हणून डीएसएल देताना जुन्या फोनतारांवरून त्या काढाव्या लागल्या.

टॉर्की येथील शेवटची वर्षे

१८९१ मध्ये रॉयल सोसायटीने हेविसाइड यांना सदस्यत्व दिले. तीन वर्षांनी तिथूनच आलेली मदत त्यांनी भिक्षा समजून नाकारली. १८९६ मध्ये मित्रांच्या खटपटीने वर्षाला १२० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन सुरू झाले, ते त्यांनी घेतले. १९०२ मध्ये त्यांनी आणि अमेरिकेत केनेली यांनी स्वतंत्रपणे सुचवले, की वातावरणात उंचावर रेडिओ लहरींना परतवणारा थर असावा. तो पुढे प्रयोगाने सिद्ध झाला.

त्यांचा स्वभाव तिरकस होता. विरोधकांची लेखातून ते कडवट टिंगल करीत आणि आपली समीकरणे समजावून सांगण्याची तसदी क्वचितच घेत. आपल्या दुर्लक्षाला ते काही अंशी स्वतःही जबाबदार होते. लग्न केले नाही. म्हातारपणी टॉर्कीच्या घरात त्यांनी ग्रॅनाइटचे दगड फर्निचर म्हणून ठेवल्याचे सांगतात. १९२२ मध्ये ब्रिटनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने आपले पहिले फॅरेडे पदक त्यांना दिले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी टॉर्की येथे त्यांचे निधन झाले.