समजून घ्या : लातूरच्या माळावर बाभूळच का? मालवणच्या आघारकरांनी धरलेला माग

लातूर : मालवणात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. लातूरला साडेसातशे-आठशे, तोही मोठे खंड देत. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या घाटावर रिते होतात आणि आपण पर्जन्यछायेत राहतो. म्हणून तिकडे बारमाही हिरवी झाडी आणि इकडे बाभूळ, बोर, तरवड, कुसळी गवत.

असा माळ सरकारी कागदावर 'पडीक' ठरतो. वनस्पतिशास्त्राच्या नजरेने तो पडीक नाही. इथल्या हवामानात टिकलेली ती एक पूर्ण जीवसृष्टी आहे. कमी पाण्यावर जगणाऱ्या अशाच झाडांवर पीएच.डी. करणारा माणूस मात्र मुसळधार पावसाच्या मालवणचा होता.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ चा. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. सह्याद्रीतल्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला आणि तरुणपणीच नाव झाले. पुढे कलकत्ता विद्यापीठाने वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद देऊन त्यांना अधिक अभ्यासासाठी जर्मनीला पाठवले. साल १९१४. महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना काही काळ तिथेच नजरकैदेत राहावे लागले. पण अभ्यास सुटला नाही. बर्लिनमध्ये अ‍ॅडॉल्फ एंग्लर यांच्या हाताखाली त्यांनी प्रबंध पुरा केला. तो १९२० मध्ये छापून आला.

विषय होता वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खाऱ्या जमिनीवरच्या वनस्पती : त्या मूळच्या कुठल्या आणि पसरतात कशा?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लातूरच्या शेळीवाल्यालाही ठाऊक आहे. भर उन्हाळ्यात चारा संपतो तेव्हा शेळ्या बाभळीच्या शेंगा खातात. कठीण कवचाचे बी पोटातून फिरून, नरम पडून बाहेर येते आणि पावसाळ्यात लेंड्यांतून रोप उगवते. कुसळ तर आपल्याच धोतराला-पँटला चिकटून पुढच्या गावाला जाते. उगवलेले रोप टिकते, कारण बाभळीची पानं बारीक, त्यामुळे बाष्प कमी उडते; मुळं खोल. रुंद पानांचे, सतत ओल मागणारे झाड या माळावर लावले, तर टँकर संपला की तेही संपते. (वेडी बाभूळ वेगळी. ती अमेरिकेतून आलेली, आणि माळ गिळत सुटलेली.)

आघारकर कलकत्त्याला परतले, नेपाळात जाऊन वनस्पती गोळा केल्या, अनेक वर्षे शिकवले. १९४६ मध्ये त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली आणि १९६० मध्ये निधन होईपर्यंत तिचे संचालक राहिले. १९९२ पासून तीच आघारकर संशोधन संस्था. 'एमएसीएस ११८८' हे सोयाबीनचे वाण याच संस्थेचे. विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे त्या बियाण्याच्या पिशवीवर आजही असतात.