नॉर्मा जीनचा बिल्ला

जुन्या लढाऊ विमानाला टेकून उभ्या असलेल्या, १९४० च्या सुमाराचे कपडे नि केशरचना केलेल्या तरुणींची कॅलेंडरे परदेशात निघतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैमानिक आपल्या बॉम्बफेकी विमानांच्या नाकाडावर सुंदर स्त्रियांची चित्रे रंगवून घेत, त्याचीच ही हौशी नक्कल. अशी छायाचित्रे पाहिली की मला मेरिलिन मन्रो आठवते. कारण विमानांच्या कारखान्यात तिचे छायाचित्र निघाले तेव्हा ती नटी नव्हती, कामगार होती.

तिचे मूळ नाव नॉर्मा जीन. जन्म १ जून १९२६, लॉस एंजेलिस. आई ग्लॅडिस स्टुडिओत चित्रपटाची रिळे कापण्या-जोडण्याचे काम करी. वडिलांचा आधार मिळालाच नाही. आईला वेडाचे झटके येऊ लागले, तिला इस्पितळात ठेवावे लागले आणि १९३५ मध्ये पोर अनाथाश्रमात गेली. मग या घरातून त्या घरात. जून १९४२ मध्ये, सोळावे सरताच तिचे लग्न झाले. सांभाळणारे कुटुंब दुसऱ्या राज्यात निघाले होते. लग्न नाही तर पुन्हा अनाथाश्रम, एवढाच पर्याय होता. शाळा सुटली.

नवरा व्यापारी जहाजावर गेला आणि नॉर्मा व्हॅन नाइजच्या रेडिओप्लेन कारखान्यात लागली. तेथे रेडिओवर चालणारी बिनवैमानिकाची छोटी विमाने बनत. तोफांच्या नेमबाजीचा सराव व्हावा म्हणून ती आकाशात सोडायची आणि खालून पाडायची. म्हणजे पाडण्यासाठीच बनवलेली विमाने! नॉर्मा आधी त्यांच्या हवाई छत्र्या तपासी, पुढे कापडी अंगावर उग्र वासाचे रोगण फवारी.

युद्ध संपत आले असता लष्कराच्या चित्रपट तुकडीतला डेव्हिड कोनोव्हर हा छायाचित्रकार कामगार स्त्रियांची छायाचित्रे काढायला तेथे आला. त्याच्या तुकडीचे एक अधिकारी होते रोनाल्ड रीगन, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले. कोनोव्हरच्या त्या छायाचित्रात नॉर्माने विमानाचा पंखा हातात धरला आहे, केस अजून तपकिरी आहेत, आणि कमरेला कारखान्याचा बिल्ला आहे. मला ते सगळे छायाचित्र त्या बिल्ल्यासाठी आवडते. माझी आई उद्यमनगरात फौंड्रीत कोअर बनवायला जाते. कामावर तिचा फोटो कुणी काढलेला नाही. घरात तिचा एकच फोटो आहे, लग्नातला.

नॉर्माने कारखाना सोडला. ऑगस्ट १९४५ मध्ये ती मॉडेल संस्थेत दाखल झाली, केस सोनेरी झाले. पुढच्या वर्षी फॉक्स कंपनीशी करार, नवे नाव आणि घटस्फोट, सारे काही महिन्यांत उरकले. नवऱ्याला हा उद्योग पसंत नव्हता.

पण पोट भरत नव्हते. १९४९ मध्ये पैशाच्या अडचणीत तिने कॅलेंडरसाठी विवस्त्र छायाचित्रे काढू दिली. मिळाले ५० डॉलर. १९५२ मध्ये ते उघडकीस आले, तेव्हा तिने नाकबूल केले नाही. पैशाची गरज होती असे सांगून टाकले. असल्या गदारोळाचे कोल्हापूरकरांना नवल नाही. १९३८ साली येथल्या हंस पिक्चर्सच्या 'ब्रह्मचारी'त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या, तेव्हा काय कमी आरडाओरडा झाला?

तिला निर्बुद्ध सुंदरी म्हणणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नसते. १९५१ मध्ये ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वर्गात साहित्य आणि कला शिकायला जात होती. शाळा सुटलेल्या मुलीचे वर्गात जाऊन बसणे मला तिच्या सिनेमांहून मोठे वाटते.

फेब्रुवारी १९५४ मध्ये ती कोरियात गेली. कडाक्याच्या थंडीत, पातळ पोशाखात, चार दिवसांत दहा कार्यक्रम. समोर एक लाखाहून अधिक सैनिक. पुढे स्वतःची चित्रपटसंस्था काढून ती स्टुडिओशी भांडलीही. १९५९ चा 'सम लाइक इट हॉट' फार गाजला. झोपेच्या गोळ्यांचे व्यसन मात्र वाढत गेले.

४ ऑगस्ट १९६२ च्या रात्री ती गेली, वय ३६. आई ग्लॅडिस १९८४ पर्यंत जगली.