बॅटिंगमध्ये नंबर वन असलेल्या तैवानच्या पोराने हातात बॉल घेतला आणि जपानमध्ये इतिहास घडवला

तारीख १६ जून १९४६. दुसरं महायुद्ध संपून वर्षही झालेलं नव्हतं. हरलेल्या जपानमध्ये खायचे वांधे होते, पण बेसबॉलची लीग पुन्हा सुरू झाली होती. त्या दिवशी ओसाकाच्या संघाच्या एका पिचरने समोरच्या सेनेटर्स संघाला सबंध मॅचमध्ये एकही हिट मारू दिला नाही.

बेसबॉलमध्ये याला 'नो-हिटर' म्हणतात. युद्धानंतर जपानच्या प्रोफेशनल बेसबॉलमधला हा पहिलाच नो-हिटर. गंमत म्हणजे तो टाकणारा गडी मुळात पिचर नव्हताच आणि जन्माने जपानीही नव्हता.

त्याचं नाव वू चांग-चेंग.

१९१६ साली तैवानमध्ये त्याचा जन्म झाला, तेव्हा नाव होतं वू पो. १८९५ पासून तैवानवर जपानची सत्ता होती आणि बेसबॉल जपानी राज्यकर्त्यांबरोबरच या बेटावर आला होता. वू शिकला चियायी गावच्या शेतकी शाळेत. याच शाळेच्या संघाने १९३१ मध्ये जपानला जाऊन कोशिएनची फायनल गाठली होती. कोशिएन म्हणजे शाळकरी बेसबॉलची जपानमधली सगळ्यात मोठी स्पर्धा. त्या संघात जपानी, चिनी वंशाची आणि तैवानच्या आदिवासी जमातींमधली पोरं एकत्र खेळली होती.

पुढे वूसुद्धा कोशिएनला पोचला. बुटांची सवय नसल्याने तो तिथे अनवाणी खेळला, असं सांगितलं जातं.

१९३७ मध्ये टोकियोच्या जायंट्स संघाने त्याला घेतलं. आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाला, तो फिल्डिंग करायचा. पळण्याचा वेग असा की लोकांनी नाव ठेवलं 'मानवी रेल्वे इंजिन'. १९४२ आणि १९४३, सलग दोन वर्षं लीगमधली सगळ्यात चांगली बॅटिंग सरासरी त्याचीच होती. १९४३ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला.

पण तोवर युद्धाने खेळालाही गाठलं होतं. इंग्रजी ही शत्रूची भाषा, म्हणून 'स्ट्राइक'सारखे शब्द मैदानावरून हद्दपार झाले. खेळाडू एकामागोमाग एक सैन्यात जात होते. १९४४ मध्ये वू हानशिन संघात आला. १९४५ मध्ये तर लीगच भरली नाही.

१९४६ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा संघांकडे माणसंच पुरेशी नव्हती. काही खेळाडू युद्धात गेले होते, काही अजून परतले नव्हते. पिचर कमी पडले, तेव्हा डावखुऱ्या वूच्या हातात बॉल आला. त्या एका सीझनमध्ये त्याने पिचर म्हणून १४ मॅच जिंकून दिल्या. त्यातलीच एक तो नो-हिटर.

मैदानाबाहेर मात्र प्रश्न वेगळाच होता. १९४५ मध्ये तैवान जपानच्या हातून गेलं. जपानी साम्राज्याचा प्रजाजन म्हणून आलेला वू आता तिथे परदेशी झाला. पुढे त्याने जपानचं नागरिकत्व घेतलं आणि त्याचं तिसरं नाव झालं, इशिई मासायुकी.

१९५० मध्ये तो मायनिची ओरियन्सकडे गेला आणि त्याच वर्षी या संघाने पहिलीवहिली जपान सीरीज जिंकली. १९५७ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याचे २० सीझन पूर्ण झाले होते. जपानच्या प्रोफेशनल बेसबॉलमध्ये इतका टिकलेला तो पहिला खेळाडू.

१९८५ मध्ये सेइबू लायन्सच्या कुओ ताई-युआन या तैवानी पिचरने जपानमध्ये नो-हिटर टाकला. हाच कुओ पुढे तैवानमध्ये कोच झाला. वूने चालायला घेतलेली वाट आता रुळली होती.

१९८७ मध्ये वू गेला. १९९५ मध्ये जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. तिथे नोंद आहे ती त्याच्या तैवानी आडनावानेच, 'वू'.