पोस्टकार्डापेक्षा स्वस्त

धीरूभाई अंबानींवर लिहायचं म्हटलं की सगळे एडनपासून सुरुवात करतात. मी भाईंदरच्या केबिन रोडपासून करतो, कारण त्यांची खरी ओळख मला तिथे झाली.

12 ऑगस्ट 2019. मी तेव्हा शाळेत होतो. रिलायन्सच्या वार्षिक सभेत जिओफायबरची घोषणा झाली. घरच्या फोनवरून देशात कुठेही बोलणं फुकट, पैसे फक्त इंटरनेटचे, महिन्याला 700 रुपयांपासून पुढे. संध्याकाळी आमच्या बिल्डिंगखाली शेअरवाल्या काकांची वेगळीच सभा भरली! एका काकांचा सवाल होता, फुकट वाटल्यावर डिव्हिडंड कुठून येणार? दुसऱ्या काकांचं म्हणणं, धीरूभाईंचं गणितच असं उलटं होतं. मला काही कळलं नाही. इंजिनिअरिंगला आल्यावर वाचलं, तेव्हा थोडंफार डोक्यात शिरलं.

28 डिसेंबर 1932 ला सौराष्ट्रातल्या चोरवाडला शाळामास्तरांच्या घरी त्यांचा जन्म. तरुणपणी एडनला नोकरी. 1958 मध्ये मुंबईत परत, मस्जिद बंदरला छोटंसं ऑफिस आणि भुलेश्वरच्या चाळीत संसार. 1966 मध्ये नरोड्याला कापडगिरणी. 1977 मध्ये त्यांनी 10 रुपयांचा शेअर लोकांपुढे ठेवला आणि सुमारे 58,000 सामान्य माणसं भागीदार झाली. पुढे सभेला हॉल पुरेना, मैदान घ्यावं लागलं.

शेवटी शेवटी त्यांनी फोनचा ध्यास घेतला. आपण आधी खर्च काढतो, मग भाव लावतो. त्यांनी भाव आधी ठरवला. फोनवरचं बोलणं पोस्टकार्डापेक्षा स्वस्त हवं, नेटवर्क त्या हिशोबाने उभारा! यात इंजिनिअरिंग आहे. केबल टाकायला प्रचंड पैसा लागतो, पण एकदा टाकली की आणखी एका कॉलचा खर्च जवळपास शून्य. म्हणून भाव पाडायचा आणि गर्दी जमवायची.

6 जुलै 2002 ला ते गेले. त्याच वर्षी त्यांच्या जन्मदिनी ही सेवा सुरू झाली. 2003 च्या पावसाळ्यात सुरुवातीला फक्त 501 रुपये भरून मोबाइल हातात मिळू लागला. गर्दी झाली, पण बरीच बिलंही थकली. 2005 मध्ये भावांच्या वाटण्या झाल्या आणि फोनची कंपनी धाकट्याकडे गेली. कर्ज वाढत गेलं, स्पर्धा वाढली, आणि 2019 मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्या शेअरची किंमत जवळपास संपली. त्याच वर्षी थोरल्या भावाने घरच्या फोनवरचं बोलणं फुकट केलं!

म्हणजे केबिन रोडवरचे दोन्ही काका बरोबर होते. कॉल जवळपास फुकट पडतो, पण केबलसाठी काढलेलं कर्ज फुकट नसतं. धीरूभाईंचं धाडस मला आवडतं. पण रात्री हॉस्टेलच्या गच्चीवरून घरी तासभर फुकट बोलताना, त्या 10 रुपयेवाल्या भागीदारांचीही आठवण येते. तुम्हाला येते का?